मुंबई, पुणे आणि रोहिणी

तीन जानेवारीला केदाऱ्यांच्या घरात दोन गोष्टी ठरलेल्या असत. सकाळी सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार, आणि त्या क्षणापासून संध्याकाळपर्यंत अण्णा आणि भिमाजीकाका या दोन भावांचा अबोला. संध्याकाळी विहाराच्या हॉलमध्ये मुंबई विरुद्ध पुणे असा वादविवाद व्हायचा. ज्याच्याशी संध्याकाळी लढायचं त्याच्याशी सकाळी गप्पा मारायच्या नाहीत, हा अण्णांनी केलेला कायदा होता. अण्णा म्हणजे सावळीराम केदारे, ऐंशी वर्षांचे, बी. ए., एलएल. बी., मुंबई विद्यापीठ. भिमाजीकाका तीन वर्षांनी धाकटे, एम. ए., पुणे विद्यापीठ, निवृत्त प्राध्यापक. घरं समोरासमोर. एरवी रोज एकाच्या ओट्यावर दुसऱ्याचा चहा, आणि आज निरोप द्यायला मधे सून लागायची.

"भिमाला सांग, टोपल्या त्याच्याकडे राहिल्यात," अण्णा म्हणाले. भिमाजीकाका हाताच्या अंतरावर बसून शेंगा सोलत होते.

रोहिणी अण्णांची सून. लग्न होऊन या घरात आल्यापासून दर तीन जानेवारीला ती या दोन खुर्च्यांच्या मधे उभी राहत आली होती. "काका, टोपल्या तुमच्याकडे राहिल्यात," ती म्हणाली.

"ऐकलं मी. त्यांना सांग, एवढं ओरडायची गरज नाही. गणेशखिंडीत शिकलेल्या माणसाला हळू बोललेलंही कळतं."

"त्याला सांग, फोर्टात शिकलेला माणूस कोर्टात बोलायचा. न्यायमूर्ती लांब बसतात, तिथवर आवाज पोचावा लागतो."

रोहिणीने हे मात्र पोचवलं नाही. तिने दोघांच्या पुढ्यात चहा ठेवला, पदराला हात पुसले आणि गेले कित्येक दिवस भांडी घासताना, पोळ्या लाटताना, बसथांब्यावर उभी असताना घोकलेलं वाक्य एकदाचं बोलून टाकलं.

"अण्णा, काका, यंदा घंटा मी वाजवणार नाही. यंदा मी बोलणार आहे."

अण्णांची बशी ओठांपर्यंत जाऊन थांबली. काकांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग जे झालं ते या घरात तीन जानेवारीला पूर्वी कधी झालं नव्हतं.

"भिमा," अण्णा म्हणाले, "हे काय ऐकतोय मी?"

"मीही तेच ऐकतोय, अण्णा," भिमाजीकाका म्हणाले.

कायदा असा सकाळी सकाळीच मोडला. तोही दोघांनी मिळून, तिच्या विरोधात.

*

मुंबई आणि पुण्याचं हे वेड या घरात आलं ते अण्णा-काकांच्या वडलांमुळे, पुंजा केदाऱ्यांमुळे. पुंजाआजोबा नाशिकच्या एका कॉलेजात शिपाई होते. तेव्हा नाशिकची कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली होती. परीक्षा संपली की लाखेचे शिक्के मारलेले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घेऊन आजोबा रेल्वेने मुंबईला जायचे, तिथल्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली उभे राहायचे, गठ्ठे द्यायचे, पोच घ्यायचे आणि परत यायचे. पुढे एकोणपन्नास साली पुण्याचं विद्यापीठ झालं आणि नाशिक तिकडे गेलं. आजोबांचे गठ्ठेही पुण्याला जाऊ लागले. दोन्ही विद्यापीठांच्या दारात उभा राहिलेला आणि दोन्हींच्या आत कधीच न गेलेला असा तो माणूस होता. मुलगे मोठे झाले तेव्हा त्यांनी थोरल्याला मुंबईला धाडलं, धाकट्याला पुण्याला. दोघं पदव्या घेऊन आले आणि कोणाची पदवी मोठी यावर त्यांचं जे जुंपलं ते आजतागायत.

"अठराशे सत्तावन्न," अण्णा म्हणायचे. "तुमचं विद्यापीठ म्हणजे कालचं पोर."

"कालचं असेल, पण आपल्या लोकांनी काढलेलं. तुमचं इंग्रजांनी काढलं."

"आणि तुम्ही ज्या इमारतीत बसता तो बंगला कोणाचा होता? गव्हर्नरचाच ना?"

"होता. आम्ही घेतला. तुम्हाला मात्र नाशिकसुद्धा राखता आलं नाही."

या शेवटच्या वाक्यावर अण्णा दरवेळी उठून आत जायचे.

हे घरातल्या घरात किती दिवस चालणार म्हणून एका वर्षी सावित्रीबाईंच्या जयंतीला त्याची रीतसर स्पर्धाच केली गेली. दोन्ही बाजूंचा एकेक वक्ता, ऐकायला अख्खी कॉलनी. ऐकणाऱ्याच्या हातात एक चिंचोका. भाषणं संपली की ज्याचं पटलं त्याच्या टोपलीत टाकायचा. दोघं भाऊ म्हातारे झाले, आवाज बसले, तेव्हा बोलायचं काम पुढच्या पिढीकडे आलं आणि तिथे खरी गंमत झाली. अण्णांचा अश्विन इंजिनिअर झाला तो पुण्यातून, आणि काकांची चैताली वकील झाली ती मुंबईतून. त्या दोन प्रवेशांच्या वेळी दोन्ही घरांत मोठा गहजब झाला. परिणाम एवढाच की आता अण्णांच्या मुंबईसाठी त्यांची पुतणी भांडायची आणि काकांच्या पुण्यासाठी त्यांचा पुतण्या. दोन्ही म्हातारे स्वतःच्या पोटच्या पोराला हरवायला दुसऱ्याच्या पोराची तयारी करून घ्यायचे.

आणि वेळ संपल्याची घंटा रोहिणी वाजवायची.

ती देवळ्याची. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न ठरलं. बघायला आले तेव्हा अण्णा तिच्या वडलांना म्हणाले होते, "काळजी करू नका, आमच्या घरात मुलीचं शिक्षण थांबत नाही." मग घर आलं, हर्षाली आली, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन आलं. थांबत नाही म्हणता म्हणता ते थांबलं आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. पदवी नाही म्हणून बाजू नाही, आणि बाजू नाही म्हणून निःपक्षपाती, म्हणून घंटा तिच्याकडे. पहिल्या वर्षी तिला त्याचं अप्रूप वाटलं होतं. नंतर नंतर त्या घंटेची मूठ हातात आली की तिचे कान तापायचे.

तिने नाशिकच्याच मुक्त विद्यापीठात नाव घातलं ते हर्षाली दहावीला गेल्यावर. गेल्या उन्हाळ्यात निकाल लागला, प्रथम श्रेणी. तिने स्वतः पेढे आणले, घरोघर वाटले. अण्णांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "छान. वेळ बरा जातो."

ते वाईट हेतूने म्हणाले नव्हते, हे तिला कळत होतं. म्हणूनच जास्त लागलं. भांडता येईल असं त्यात काही नव्हतं. त्या रात्री तिने ठरवलं होतं की या घरात आपली पदवी मोजली गेलीच पाहिजे. ती मोजण्याची जागा एकच होती.

*

बातमी समोरच्या घरात पोचायला चहाचे कप विसळण्याइतकाही वेळ लागला नाही. अश्विन आंघोळ अर्धवट टाकून आल्यासारखा ओल्या केसांनी आला. मागोमाग चैताली, हातात भाषणाचे कागद.

"अगं, काय हे?" अश्विन हळूच म्हणाला. "मला आधी बोलायचं तरी."

"बोलले होते. दिवाळीत. तुम्ही म्हणालात, बघू."

अश्विनला ते आठवलं असावं, कारण तो घाईघाईने केस पुसू लागला.

"वहिनी, बोलायला माझी हरकत नाही," चैताली म्हणाली. ती अश्विनहून मोठी, त्यामुळे तिचं बोलणं या घरात जरा वरच्या पट्टीत असे. "पण बाजू कुठली? मुंबईकडून मी आहे, पुण्याकडून हा आहे. मग तुम्ही कोणाकडून?"

"नाशिककडून."

चैताली हसली. मग रोहिणी हसत नाही हे बघून थांबली.

"हे बघ, सूनबाई," अण्णांनी घसा साफ केला. त्यांचा कोर्टातला आवाज लागला की घरातलं मांजरसुद्धा उठून जायचं. "ही स्पर्धा दोन विद्यापीठांची आहे. परंपरा आहे तिला."

"आणि मुक्त विद्यापीठाबद्दल मला आदरच आहे," भिमाजीकाकांनी भावाला हात दिला, "पण ते घरबसल्या शिकणं. तिथे वर्ग नाही, परिसर नाही, गुरुशिष्यांचा सहवास नाही. त्याची तुलना..."

"काका," रोहिणी म्हणाली, "रिटायर झाल्यावर तुम्ही रविवारी कुठे शिकवायला जायचात?"

काका शेंगांकडे बघू लागले.

"मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर जायचात ना? समंत्रक म्हणून?"

"ते... ते मार्गदर्शन होतं. शिकवणं वेगळं."

"वर्ग नव्हता म्हणता, मग मार्गदर्शन कोणाला करत होतात?"

चैतालीने तोंड फिरवलं. तिला हसू आवरत नव्हतं. अण्णांनी मात्र भावाचा पडलेला किल्ला बघून स्वतः मैदानात उडी घेतली. "ते राहू दे. नियम म्हणजे नियम. स्पर्धेचे नियम मी केलेत आणि त्यात पळवाट नाही."

इथे अण्णांची चूक झाली. वकिलासमोर नियमाचं नाव काढायचं नसतं, आणि चैतालीला वकिली त्यांनीच शिकवली होती. तिने हातातले कागद टेबलावर ठेवले. मुंबईची वक्त्री बाजूला झाली आणि नाशिक कोर्टातली ॲडव्होकेट केदारे जागी झाली.

"अण्णा, नियम काय आहे?"

"वक्ता पदवीधर हवा. तुला माहीत आहे. तो हिरामण कांद्याच्या भावावर दोन तास बोलला होता, त्या वर्षी केला मी हा नियम."

"पदवीधर हवा. बरोबर. कुठल्या विद्यापीठाचा?"

"कुठल्या म्हणजे? दोनपैकी एका."

"असं नियमात आहे?"

अण्णा थांबले. "त्यात सांगायचं काय होतं? तेव्हा तिसरं होतं कुठे?"

"म्हणजे नियमात नाही."

"अभिप्रेत आहे."

"तुम्हीच मला शिकवलंत, अण्णा, शब्द स्पष्ट असेल तिथे अभिप्रेत काय ते शोधायला जायचं नाही. वहिनी पदवीधर आहेत. नियमात 'पदवीधर' एवढंच आहे." तिने कागद उचलले. "मला माझ्या विरोधात आणखी एक माणूस नकोय. पण नियम त्यांच्या बाजूने आहे."

मुंबई आणि पुण्याच्या भांडणात दोघं भाऊ इतके बुडालेले होते की जगात तिसरं विद्यापीठ निघेल, आणि तेही गंगापूर धरणाच्या वाटेवर, आपल्याच गावात, हे नियम करताना त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.  अण्णा हट्टी होते, पण कायद्याला जागणारे होते.

"टोपल्या दोनच आहेत," शेवटी ते म्हणाले. एवढीच हरकत त्यांच्याकडे उरली होती.

स्वयंपाकघरातून कुसाबाईंचा आवाज आला. अण्णांची बायको इतका वेळ आत वांगी चिरत होती. "टोपलीचं काय घिऊन बसलात? माझी परात न्या की."

"आणि घंटा कोण वाजवणार?" भिमाजीकाकांनी विचारलं.

कुसाबाई विळी सोडून दारात आल्या. "मी वाजवते. त्यात काय मोठी इद्या लागती?"

*

हॉल भरला होता. तीन जानेवारीला कॉलनीत कोणी दुसरं काही ठरवत नसे. नोटांच्या प्रेसमधले कामगार, शाळामास्तर, द्राक्षाच्या पॅकहाऊसमधून हातावरचे ओरखडे घेऊन आलेल्या बाया, सगळे सतरंजीवर दाटीने बसले होते. दाराशी चिंचोक्यांची पिशवी घेऊन शेजारच्या नवसाबाई प्रत्येकाच्या तळव्यावर एकेक ठेवत होत्या. टेबलावर दोन टोपल्या, एकीवर निळी फीत, एकीवर पिवळी, आणि त्यांच्या शेजारी कुसाबाईंची पितळी परात. परातीकडे बोटं दाखवून लोक कुजबुजत होते. 

वंदना झाली. अण्णांनी विषय सांगितला: या घराला कोणी घडवलं?

आधी चैताली बोलली. तिने मुंबई उभी केली. समुद्राकडून येणारा वारा, मनोऱ्याच्या घड्याळाचे ठोके, त्या ठोक्यांवर अभ्यास करणारा, वसतिगृहाच्या जिन्यात दिव्याखाली बसलेला अठरा वर्षांचा सावळीराम. देशातल्या पहिल्या तीन विद्यापीठांपैकी एक, आणि त्याची पदवी घेणारा आपल्या वस्तीतला पहिला माणूस. अण्णांचे डोळे भरून आले. कुसाबाईंनी वेळेवर घंटा वाजवली, अगदी काटा तिथे आल्याबरोबर.

मग अश्विन. तो चैतालीइतका तयारीचा नव्हता, पण त्याच्याकडे विनोद होता. वडाच्या झाडांखाली पुस्तक उशाला घेऊन झोपणारा भिमाजी, मेसच्या आमटीत डाळ शोधणारा भिमाजी, आणि त्याच भिमाजीने पुढे शेकडो पोरांना उभं केलं. "मुंबईने या घराला पदवी दिली," तो म्हणाला, "पण पुण्याने या घराला मास्तर दिला." टाळ्या पडल्या. काकांनी उपरण्याने नाक पुसलं. कुसाबाईंनी त्यालाही वेळेवर थांबवलं.

"आता," अण्णा म्हणाले आणि अडखळले. नाव कसं पुकारायचं हे त्यांना कळेना. "आता... सौ. रोहिणी अश्विन केदारे. बी. ए."

ते शेवटचं त्यांनी जोडलं. ते ऐकून रोहिणी ताठ उभी राहिली.

"जय भीम," ती म्हणाली. "इतकी वर्षं तुम्ही माझी घंटा ऐकलीत. मी किती जणांना मधेच तोडलंय ते मला माहीत आहे. आज मला तोडायची तुमची पाळी."

हॉल हसला. कोणीतरी मागून म्हणालं, "बोला, वहिनी."

"चैतालीताईंनी मुंबईचं घड्याळ दाखवलं. यांनी पुण्याची झाडं दाखवली. दोन्ही खरं आहे. पण या घरात ही दोन्ही ठिकाणं सगळ्यात आधी कोणी बघितली? अण्णांनी नाही, काकांनी नाही. पुंजाआजोबांनी. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घेऊन ते मुंबईला गेले, नंतर पुण्याला गेले. गठ्ठे आत गेले. आजोबा बाहेर थांबले. दुसऱ्यांच्या मुलांनी लिहिलेली उत्तरं आत जाऊ शकत होती, ती वाहून आणणारा माणूस जाऊ शकत नव्हता."

हॉलमधला खोकला थांबला.

"मग त्यांनी एक मुलगा इकडे पाठवला, एक तिकडे. मी आईंना विचारलं, का? आई म्हणाल्या, मामंजी मुलांना एकच सांगायचे, आत काय असतं ते मला येऊन सांगा. एवढंच. दोघं आत गेले. शिकले, मोठे झाले, घर उभं केलं. त्यांना माझा हात जोडून नमस्कार आहे. पण आत काय असतं ते सांगायचं राहून गेलं, आणि कोणाचं दार मोठं यावरच आपण दर तीन जानेवारीला भांडत आलो."

तिने अण्णांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

"मी देवळ्याची. लग्नाच्या वेळी मला सांगितलं होतं की शिक्षण थांबणार नाही. ते थांबलं. मी राग धरला नाही असं म्हणणार नाही. धरला, पुष्कळ धरला. मग एका रविवारी मी अभ्यासकेंद्रात जाऊन बसले. माझ्या एका बाजूला पिंपळगावचा टेम्पो चालवणारा होता, दुसऱ्या बाजूला पॅकहाऊसमधली एक जण, मागे नातवाच्या वयाच्या पोरांबरोबर पहिल्या वर्षाला बसलेल्या एक आजी. तिथले जुने विद्यार्थी एका सरांची गोष्ट सांगतात. वर्गात एक जण झोपायचा. सरांनी त्याला उठवलं नाही. तो रात्रपाळी करून येतो हे त्यांना कळलं होतं. तास संपल्यावर ते त्याला चहा पाजायचे आणि सगळा धडा पुन्हा सांगायचे, एकट्याला. सरांचं नाव भिमाजी केदारे."

सगळ्या माना वळल्या. भिमाजीकाका सतरंजीवरची काडी उचलून बघत होते.

"काका म्हणतात ते शिकवणं नव्हतं. मला वाटतं, काकांनी आयुष्यात सगळ्यात मोठं शिकवलं असेल तर ते तिथे."

"घंटा," अश्विनच्या बाजूचं कोणीतरी पुटपुटलं. वेळ संपली होती. अण्णांनी बायकोकडे बघितलं. कुसाबाई घंटा मांडीत घेऊन शांत बसल्या होत्या.

"अहो, वेळ झाली," अण्णा हळू म्हणाले.

"मला नाय कळत त्ये घड्याळ," कुसाबाई म्हणाल्या. आधीच्या दोघांना त्यांनी काट्यावर तोडलं होतं हे अख्ख्या हॉलने बघितलं होतं. त्या ओठ मिटून समोर बघत राहिल्या आणि हॉलमध्ये हशा पसरला. अण्णांनी हात खाली घेतला.

रोहिणी हसली नाही. तिचा आवाज आता कुठे लागला होता.

"माझं विद्यापीठ दीडशे वर्षांचं नाही. मनोरा नाही, गव्हर्नरचा बंगला नाही. पण पुंजाआजोबा गठ्ठा घेऊन तिथे गेले असते, तर कोणीतरी त्यांना विचारलं असतं, बाबा, गठ्ठा ठेवा, तुम्हाला काय शिकायचंय? हे घर मुंबईने घडवलं नाही आणि पुण्यानेही नाही. आतलं आपल्या मुलांना मिळावं म्हणून जे बाहेर उभे राहिले, त्यांनी घडवलं. मी त्यांच्यातली आहे. मला उशिरा का होईना, आत जाता आलं. आज मी त्यांच्या बाजूने बोलले."

ती बसली.  टाळी पॅकहाऊसच्या बायांच्या बाजूने सुरू झाली आणि ती थांबेचना.

खंडनाला चैताली उठली, म्हणाली, "माझ्याकडे उत्तर आहे, पण ते द्यावंसं वाटत नाही," आणि बसली. अश्विन उठला. तो बायकोकडे बघत म्हणाला, "माझ्याकडे उत्तरच नाही. दिवाळीत 'बघू' म्हणालो होतो. तेव्हाच ऐकायला हवं होतं." त्यावर हॉल जो हसला, त्यात रोहिणीही होती.

मग माणसं ओळीने उठली. पहिले दोनचार चिंचोके सवयीने निळ्या आणि पिवळ्या टोपलीत गेले. त्यानंतर जे सुरू झालं ते परातीत. पितळेवर चिंचोका पडला की ठणकन वाजतो. टोपल्यांना आवाज नव्हता, त्यामुळे कौल कुठे जातोय हे मागच्या भिंतीपर्यंत ऐकू येत होतं.  नवसाबाईंनी पिशवी रिकामी असल्याची खात्री करून स्वतःचाही चिंचोका परातीतच टाकला. मोजायची गरज पडली नाही. निकाल अध्यक्षांनी जाहीर करायचा म्हणून अण्णा उभे राहिले, परातीकडे बघितलं, भावाकडे बघितलं. भिमाजीकाकांनी मान हलवली.

"विजयी," अण्णा म्हणाले, आणि इतक्या वर्षांत या हॉलमध्ये कोणी न उच्चारलेलं नाव त्यांनी कोर्टातल्या आवाजात घेतलं, "नाशिक."

*

हरलेल्यांनी वाढायचं आणि जिंकलेल्यांनी पहिल्या पंगतीला बसायचं, ही या घराची रीत. आजवर मुंबई जिंको की पुणे, रोहिणी आणि कुसाबाई वाढणाऱ्यांतच असायच्या, कारण त्या कोणाच्याच नव्हत्या. आज विहाराच्या गच्चीवर पहिल्या पंगतीला रोहिणी बसली. एकटीच कशी बसणार म्हणून तिने सासूचा हात धरून त्यांनाही शेजारी बसवलं. मग पॅकहाऊसच्या बाया आल्या, नवसाबाई आल्या, हर्षाली आईला चिकटून बसली. बघता बघता पंगत भरली.

चैताली पत्रावळी मांडत होती. अश्विन वांग्याच्या रश्शाची बादली घेऊन वाकून वाढत होता आणि सगळ्यांच्या पानाबाहेर सांडत होता. भिमाजीकाका मसालेभात वाढत रोहिणीपाशी आले, वाढायचं विसरून उभे राहिले.

"त्या झोपणाऱ्या मुलाचं नाव सोमनाथ," ते म्हणाले. "पास झाला तो. तुला कोणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात, काका."

"मला कोणी बोललं नाही कधी," काका म्हणाले आणि तिच्या पानात दोन माणसांचा भात वाढून पुढे गेले.

शेवटी अण्णा आले, हातात जिलबीचं ताट. ऐंशी वर्षांच्या माणसाला वाकवत नव्हतं, म्हणून ते तिच्यासमोर खालीच बसले. त्यांनी एक जिलबी ठेवली, मग दुसरी, मग तिसरी. रोहिणी पुरे म्हणाली नाही.

"तुझ्या वडलांना मी शब्द दिला होता," ते म्हणाले. "मी तो विसरलो. लक्षात असून टाळला असता तर निदान लाज तरी वाटली असती. मला आठवलंच नाही, पोरी. आणि पेढा खाऊन वर म्हणालो काय, तर वेळ बरा जातो."

रोहिणीला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. "तुम्ही आज बी. ए. म्हणालात, अण्णा. ते पोचलं."

अण्णांनी मान डोलावली. उठायला त्यांना आधार लागणार होता, पण ते उठले नाहीत. ताटातल्या पाकात बोट बुडवून तसेच बसले. समोरच्या रांगेतून भिमाजीकाका कान देऊन ऐकत होते.

"बाबा आम्हाला विचारायचे ते खरं आहे. मी दरवेळी सांगायचो, खूप मोठ्या इमारती आहेत, बाबा. त्यांना इमारती बाहेरून दिसतच होत्या." त्यांनी चष्मा पुसला. "मराठी वाङ्मय करायचं माझ्या मनात होतं. वडलांना वकील हवा होता, म्हणून झालो वकील. त्या तुझ्या विद्यापीठात ऐंशीव्या वर्षी घेतात का गं?"

रोहिणी उत्तर देणार तेवढ्यात शेजारून कुसाबाईंनी जिलबीचा तुकडा मोडला. आयुष्यात शाळेची पायरी न चढलेल्या, सहीच्या जागी अंगठा उठवणाऱ्या, या घरातल्या प्रत्येक पदवीधराला डबा करून दिलेल्या त्या बाईने नवऱ्याकडे वळूनही बघितलं नाही.

"तुम्ही थांबा जरा," त्या म्हणाल्या. "तुमच्या दोन झाल्यात. आधी माझा नंबर हाय."